धूळ, शिसे आणि मुलांची दुखणी: पुरावा कोणी द्यायचा?

खाणपट्ट्यातील आई, डिचोली

नमस्कार. मी गोव्याच्या लोहखनिजाच्या खाणपट्ट्यात राहते. माझा मुलगा सात वर्षांचा आहे आणि त्याला दमा आहे. गेली दोन वर्षे मी एका शंभरपानी वहीत त्याच्या दुखण्याची नोंद ठेवते. कोणत्या रात्री खोकला वाढला, पंप किती वेळा द्यावा लागला, नेब्युलायझरसाठी आरोग्य केंद्रात केव्हा धावावे लागले आणि त्या दिवशी आमच्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक चालू होते की बंद, एवढेच त्यात असते. ही वही मी तपासणीच्या वेळी पुढे ठेवली तेव्हा मला विचारण्यात आले, "घरात आणखी कोणाला दमा आहे का?" माझ्या सासऱ्यांना होता. तेवढ्यावर प्रश्न मिटला. दुखणे आमच्या रक्तातले ठरले आणि दाराबाहेरची तांबडी धूळ त्या कागदावर आलीच नाही.

वाड्यावरील इतर आयांशी बोलल्यावर कळले की अशा वह्या नसल्या तरी अशा आठवणी पुष्कळ घरांत आहेत. मुलांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेच्या मदतीने आम्ही अर्ज तयार केला आणि एका कार्यालयात नेला. तेथे उत्तर मिळाले की ही धूळच मुलांच्या दम्याचे कारण आहे याचा पुरावा आणा, मग पाहू. आम्ही मुकाट्याने परत आलो, पण "पुरावा" हा शब्द माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

त्यानंतर मी जमेल तेवढे वाचले. लंडनच्या लुइशम भागात एका अत्यंत रहदारीच्या रस्त्यालगत राहणारी एला किस्सी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी फेब्रुवारी २०१३ मध्ये दम्याने गेली. त्याआधीच्या तीन वर्षांत तिला सुमारे तीस वेळा रुग्णालयात न्यावे लागले होते. २०१४ च्या पहिल्या चौकशीत हवेचा उल्लेख नव्हता. शिक्षिका असलेल्या तिच्या आईने तिच्या नावाने संस्था काढली आणि प्रकरण पुन्हा उघडावे म्हणून लढा दिला. एका श्वसनरोग तज्ज्ञाने एलाच्या रुग्णालयातील नोंदी घराजवळच्या हवामापन केंद्राच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने पहिला निष्कर्ष रद्द केला आणि डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूच्या कारणांत हवेच्या प्रदूषणाचे नाव अधिकृतपणे लिहिले गेले.

हे वाचून मी बराच वेळ वही हातात धरून बसले होते. एलाच्या आईकडे मुलीच्या आजाराच्या तारखा होत्या आणि सुमारे मैलभरावर हवा मोजणारे यंत्र होते. माझ्याकडे तारखा आहेत, यंत्र नाही. ज्या गावात मोजमापच होत नाही त्या गावातील आईकडे पुरावा मागणे म्हणजे काय, हे मला येथील जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. अशा वेळी संस्थेने नेमके काय मागावे? खाण बंद करा, मुलांवर उपचार करा, की आधी मोजा?

निवृत्त रसायनशिक्षक, फोंडा

ताई, तुमच्या वहीची किंमत मोठी आहे. तिच्या सगळ्या पानांची छायाप्रत आजच काढून ठेवा, ही माझी पहिली विनंती.

दुसरी गोष्ट थोडी कठोर वाटेल, तरी लिहितो. धुळीमुळे मुलांचा दमा बळावतो, हे जगभरच्या अभ्यासांतून पक्के झालेले आहे. मात्र "माझ्या मुलाला दमा धुळीमुळेच झाला" हे वेगळे विधान आहे आणि ते सिद्ध करणे फार अवघड असते, कारण आनुवंशिकता, चुलीचा धूर, पावसाळ्यात भिंतींना येणारी बुरशी आणि सर्दीचे विषाणू या सगळ्यांचा दम्यात वाटा असतो. संस्थेने दुसरे विधान केले, तर समोरचा माणूस तेवढेच खोडून काढतो आणि पहिले, खरे विधानही त्याच्याबरोबर वाहून जाते. अर्जात "झाला" न लिहिता "बळावतो" असे लिहा. एका क्रियापदावर अर्ज टिकतो किंवा पडतो.

मुलांच्या बाबतीत मोठ्यांची मापे का लागू पडत नाहीत, हेही अर्जात सविस्तर यावे. लहान मूल शरीराच्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेते, जास्त पाणी पिते, जमिनीजवळ खेळते आणि हात तोंडात घालते. त्याची फुप्फुसे आणि मेंदू अजून घडत असतात. आपल्याकडे २००९ पासून लागू असलेल्या मानकांत पीएम २.५ या अतिसूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ५ मायक्रोग्रॅम सुचवले आहेत. म्हणून "हवा मर्यादेत आहे" असे कोणी सांगितले, तर कोणाच्या मर्यादेत, असे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. खाणीच्या धुळीत मोठे कण अधिक असतात. तेव्हा पीएम १० चीही आकडेवारी मागा, केवळ २.५ वर थांबू नका.

शिशाचे प्रकरण मात्र निराळे आहे. रक्ताच्या एका चाचणीत ते मोजता येते, त्यामुळे तेथे वादाला जागा कमी राहते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या, म्हणजे दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे असावे आणि त्यांपैकी साडेसत्तावीस कोटी मुले भारतातील आहेत. शिशाची सुरक्षित अशी पातळीच ज्ञात नाही. मूल दिसायला धडधाकट असते, फक्त त्याचे लक्ष लागत नाही, ते चिडते, अभ्यासात मागे पडते. चाळीस वर्षे वर्गात उभा राहिलो. किती मुलांना मी "लक्ष दे" म्हणून रागावलो असेन, हा विचार आता मला फार त्रास देतो.

एक पालक, पेडणे

सरांच्या प्रतिसादावरून विचारण्याचे धैर्य करते. माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे आणि अजून नीट बोलत नाही. ओळखीच्या एका बाईंनी सांगितले की तिच्या अंगात विष साठले आहे. केसांची तपासणी करून घ्या, विष उतरवणारी पावडर द्या आणि यापुढे लस देऊ नका, असा त्यांचा सल्ला होता. त्याही एका संस्थेचेच नाव सांगत होत्या. आम्ही पैसे भरलेले नाहीत, पण मन ठिकाणावर नाही.

परिचारिका, बालविभाग

ताई, पैसे भरू नका आणि लस थांबवू नका. लसींमुळे स्वमग्नता किंवा बोलण्यातील विलंब येतो, हा दावा अनेक देशांतील लाखो मुलांच्या अभ्यासांत टिकलेला नाही. शिशासाठी शिरेतून घेतलेल्या रक्ताची तपासणी ग्राह्य धरली जाते, केसांची नाही. अंगातील शिसे बाहेर काढण्याची औषधे साधारणपणे डेसिलिटरमागे ४५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आढळल्यास आणि तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. घरी दिलेल्या पावडरीने अपाय होऊ शकतो. बाजारात मिळणाऱ्या काही भस्मयुक्त औषधांतच शिसे आणि पारा आढळलेले आहेत.

मुलीची श्रवणचाचणी आधी करून घ्या, मग विकासाची तपासणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही सोय आहे आणि त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणे अपेक्षित असते. रक्तातील लोह आणि शिसे दोन्ही पाहायला सांगा, कारण लोह व कॅल्शियम कमी असलेल्या मुलाच्या शरीरात शिसे अधिक शोषले जाते. उशीर करू नका, एवढेच बहीण म्हणून सांगते.

धागाकर्त्या ताईंनाही एक सांगायचे आहे. तुमची संस्था आणि ती पावडर विकणारी संस्था दोघीही "मुलांच्या अंगात विष जाते आहे" असेच म्हणतात, आणि घाबरलेल्या आईला त्यांतला फरक दिसत नाही. तो तुम्हालाच दाखवावा लागेल. संस्थेला पैसा कोठून येतो ते उघड सांगा. कोणतेही औषध किंवा यंत्र विकू नका. मुलाचा चालू उपचार थांबवायला कधीही सांगू नका.

आजोळ कासरगोडचे, सध्या मडगाव

माझे आजोळ कासरगोड जिल्ह्यात आहे. तेथे कऱ्हाडे आणि मराठी नाईक कुटुंबे कित्येक पिढ्या राहतात आणि घरात आपापली मराठी बोलतात. लहानपणी सुटीत गेलो की काजूच्या बागांवर घिरट्या घालणारे हेलिकॉप्टर पाहायला आम्ही मुले अंगणात धावत असू. मोठी माणसे विहिरी झाकून ठेवत. ती एंडोसल्फान या कीटकनाशकाची फवारणी होती, हे मला फार पुढे समजले.

सरकारी मळ्यांवर ही फवारणी सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००० सालापर्यंत चालली. पडरे गावातील डॉक्टरांच्या लक्षात आले की मतिमंदत्व, अपस्मार, जन्मजात व्यंग अशी दुखणी ठरावीक वाड्यांवर दाटलेली आहेत, आणि त्यांनी ते लिहून काढले. कृषी खात्यातच नोकरी करणाऱ्या लीलाकुमारी अम्मा यांनी १९९८ मध्ये न्यायालयात धाव घेतली आणि २००० मध्ये हवाई फवारणी थांबली. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २००१ मध्ये गावातील पाणी, माती आणि माणसांचे रक्त तपासून एंडोसल्फान दाखवून दिले.

एवढे होऊनही वाद संपला नाही. एकामागून एक समित्या नेमल्या गेल्या, आणि संबंध सिद्ध होत नाही असे म्हणणारीही समिती निघाली. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने फवारणीच्या गावातील ११७ शाळकरी मुलगे आणि दूरच्या गावातील ९० मुलगे यांची तुलना केली. तो अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि फवारणीच्या गावातील मुलगे उशिरा वयात येत असल्याचे त्यात दिसले. सर्वोच्च न्यायालयाने देशभर बंदी घातली ती मे २०११ मध्ये, आणि पीडितांना प्रत्येकी ५ लाख रुपये तीन महिन्यांत द्या असा आदेश दिला तो जानेवारी २०१७ मध्ये. मी अंगणात धावत असताना जन्मलेली मुले तोवर चाळिशीकडे आली होती.

ताई, तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की तुलनेसाठी दुसरे गाव निवडा. फक्त आपल्याच वाड्यावरच्या वह्या असल्या की दमा सगळीकडेच असतो असे कोणीही म्हणेल. ज्या गावातून ट्रक जात नाहीत, पण चुली, पाऊस आणि घरे तुमच्यासारखीच आहेत, अशा गावातील आयांनाही वह्या द्या. कासरगोडला त्या ९० मुलग्यांमुळेच ११७ मुलग्यांचे म्हणणे ऐकले गेले.

बंदरालगतचा रहिवासी, वास्को

आमच्याकडे धूळ तांबडी नसून कोळशाची, काळी आहे. सकाळी पुसलेली खिडकीची चौकट संध्याकाळी पुन्हा काळी होते. २०१७ मध्ये बंदराच्या विस्तारावर जनसुनावणी झाली तेव्हा लोक दिवसेंदिवस बोलत होते, मीही बोललो. आज वाटते की माझ्या बोलण्यात संताप होता, पण तारीख एकही नव्हती. ताईंच्या वहीसारखी वही आमच्या इमारतीतील चार घरांनी जरी ठेवली असती, तर मी ती सुनावणीत सादर केली असती आणि ती कागदपत्रांत कायमची राहिली असती.

ट्रकमालक, साखळी परिसर

हा धागा मी दोनदा वाचला. माझा स्वतःचा ट्रक आहे आणि मीच तो चालवतो. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा हप्ते थकले, पुन्हा सुरू झाल्या तोच मार्च २०१८ मध्ये परत बंद पडल्या. डिसेंबर २०२२ पासून नवे लिलाव झाले आणि आता कुठे काम मिळू लागले आहे. माझ्या मुलीचे शिक्षण याच ट्रकवर चालले आहे. तिलाही सर्दी-खोकला सतत असतो, हे मी येथे प्रथमच लिहितो आहे. म्हणून हात जोडून सांगतो, संस्थेने आम्हाला शत्रू ठरवू नये.

धूळ कशी होते ते आम्हाला ठाऊक आहे. ताडपत्री नुसती वर टाकतात, बांधत नाहीत, कारण बांधायला आणि सोडायला वेळ जातो. पैसे फेऱ्यांवर मिळतात. जितक्या फेऱ्या, तितके पैसे, त्यामुळे वेग वाढतो आणि फळीच्या फटीतून माल वळणावर सांडतो. सांडलेल्या मालावरून पुढचे पन्नास ट्रक गेले की त्याचे पीठ होते आणि तेच उडते. पाण्याचा टँकर सकाळी एकदा फिरतो, दुपारी अकरानंतर रस्ता पुन्हा कोरडा. शाळा सुटते ती नेमकी त्याच वेळेत. खाणीच्या फाटकावर चाके धुण्याची सोय असली तरी रांग लागते म्हणून ती टाळली जाते.

शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी तासभर वाहतूक थांबवा, असे मागितलेत तर आमच्यातील पुष्कळ जण पाठिंबा देतील. मात्र तो तास सर्वांना सारखाच लागू व्हायला हवा, नाहीतर थांबणाऱ्याची फेरी बुडते आणि न थांबणारा कमावतो.

खाणपट्ट्यातील आई, डिचोली

दादा, तुमचा प्रतिसाद वाचून मला गहिवरून आले. तुमच्या मुलीला पंप लागतो का, हे विचारावेसे वाटते, पण ते येथे नको. आमच्या अर्जात "ट्रकवाल्यांचा बेदरकारपणा" असे शब्द आहेत. ते मी काढून टाकणार आहे. मोबदला फेरीवर ठरतो म्हणून वेग वाढतो, हे आम्हाला कोणालाच सुचले नव्हते.

मूर्तिकारांच्या घरातील, माशेल

विषयाला धरूनच एक छोटी गोष्ट सांगते. चवथीच्या आधी दोन महिने आमच्या चित्रशाळेत घरातील सगळी मुले रंगकामाला बसतात, ब्रश तोंडाने टोकदार करतात. मूर्ती चिकणमातीची असते, त्यामुळे सगळे शुद्ध आहे असे आम्ही समजत होतो, पण पिवळ्या आणि शेंदरी रंगाचे डबे कोणी पाहत नाही. टॉक्सिक्स लिंकसारख्या संस्थांनी रंगांतील शिशाच्या चाचण्या वर्षानुवर्षे प्रसिद्ध केल्या, त्यानंतर २०१६ मध्ये घरगुती व सजावटीच्या रंगांत दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक शिसे नसावे असा नियम झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू आहे. गेल्या चवथीला आम्ही डब्यावर ती नोंद पाहूनच रंग घेतले आणि मुलांना ब्रश तोंडात घालू दिला नाही.

कायद्याची अभ्यासक, पणजी

ताई, तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळते, कारण पुरावा कोणी द्यायचा याला आपल्या देशाच्या कायद्यात उत्तर आहे. तामिळनाडूतील चर्मोद्योगांच्या सांडपाण्याविरुद्ध वेल्लोर सिटिझन्स वेल्फेअर फोरम या नागरिकांच्या संस्थेने दाद मागितली होती. त्या प्रकरणी ऑगस्ट १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सावधगिरीचे तत्त्व, म्हणजे हानीची पूर्ण खात्री होण्याची वाट न पाहता आधीच ती टाळायची, हा आपल्या कायद्याचाच भाग असल्याचे सांगितले, आणि आपली कृती पर्यावरणाला घातक नाही हे दाखवण्याची जबाबदारी ती कृती करणाऱ्यावर असते, असे स्पष्ट केले. २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम २० मध्ये हे तत्त्व बंधनकारक केलेले आहे. गोव्यातील प्रकरणे न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे जातात. तेव्हा त्या कार्यालयात तुम्हाला मिळालेले उत्तर उलटे होते. पुढच्या अर्जात या दोन्हींचा उल्लेख करा.

मुदतीकडेही लक्ष असू द्या. वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून साधारणपणे सहा महिन्यांत, आणि भरपाईसाठी पाच वर्षांत न्यायाधिकरणाकडे जावे लागते. वहीतील तारखा येथेही उपयोगी पडतील.

पैसा नाही, हे उत्तर मिळेल. २०१५ मध्ये खाण कायद्यातील दुरुस्तीने प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यासाठी, खाणचालकांनी द्यायच्या पैशांतून चालणारे जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन करण्याची तरतूद झाली आणि त्याच वर्षीच्या केंद्रीय योजनेत पिण्याचे पाणी, आरोग्य, प्रदूषण नियंत्रण, शिक्षण अशा कामांवर किमान ६० टक्के निधी खर्च करावा असे ठरले. गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर एप्रिल २०१४ मध्ये आलेल्या निकालाने तर पुढील पिढ्यांसाठी खनिज विक्रीच्या १० टक्के रकमेचा कायम निधी निर्माण करायला लावला. १९८६ पासून काम करणाऱ्या या संस्थेची पद्धत अभ्यासण्यासारखी आहे: मोर्चांच्या बातम्या विरून गेल्या तरी तिने खाणींच्या भाडेपट्ट्यांचे कागद गोळा करणे सोडले नाही, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले ते त्याच कागदांच्या बळावर.

तुम्ही विचारले होते, आधी काय मागावे. शाळेच्या आवारात हवामापन यंत्र आणि त्याचे आकडे रोज पंचायतीच्या फलकावर, ही मागणी पहिली ठेवा. ग्रामसभेचा ठराव करून ती जिल्हा खनिज प्रतिष्ठान आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ या दोघांकडे पाठवा. पावसाळ्यात वाहतूक बंद असते, त्या काळातील आकडे हातात असणे फार महत्त्वाचे आहे. तुलनेचा आधार तोच होईल.

निवृत्त रसायनशिक्षक, फोंडा

अगदी योग्य. त्यात एवढीच भर घालतो की पाच-सहा वर्षांवरील मुले पीक फ्लो मीटरमध्ये फुंकू शकतात. श्वास किती जोरात बाहेर फेकता येतो ते मोजणारे हे साधे, हातात मावणारे उपकरण आहे. रोज सकाळ-संध्याकाळ तीन फुंका आणि त्यांतील मोठा आकडा वहीत. मग तुमच्या वहीत "खोकला वाढला" या शब्दांशेजारी एक आकडाही येईल. कसे फुंकायचे ते डॉक्टरांकडून शिकून घ्या, आणि दोन्ही गावांत एकाच प्रकारचे मीटर वापरा. नोंदींचे आलेख काढून द्यायला मी तयार आहे. दर महिन्याला वह्या फोंड्याला पोहोचवा, नाहीतर मीच येईन.

एक पालक, पेडणे

श्रवणचाचणी झाली. एका कानाने कमी ऐकू येते, असे निघाले. पुढील तपासण्या चालू आहेत, रक्ताचा नमुनाही दिला आहे. परिचारिका ताईंचे उपकार विसरणार नाही.

खाणपट्ट्यातील आई, डिचोली

पेडण्याच्या ताई, बरे झाले वेळेत कळले. मुलीची खुशाली कळवत राहा.

काल संध्याकाळी आम्ही सगळ्या जमलो आणि अर्ज नव्याने लिहिला. "झाला" च्या जागी "बळावतो" आले, ट्रकवाल्यांवरचे वाक्य गेले, सावधगिरीच्या तत्त्वाचा परिच्छेद आला. शाळेच्या वेळेत तासभर वाहतूक सर्वांसाठी थांबवावी, ताडपत्री बांधण्याचा वेळ फेरीच्या मोबदल्यात धरावा आणि दुपारीही पाणी मारावे, या मागण्या साखळीच्या दादांच्या शब्दांत तशाच उतरवल्या आहेत. दादा, ग्रामसभेला तुम्ही आलात आणि हे स्वतः सांगितलेत, तर त्याचे वजन आमच्या बोलण्याहून जास्त पडेल. मुलीलाही आणा, माझा मुलगा तिला फुंकायला शिकवील.

तुलनेसाठी माझ्या माहेरचे गाव ठरले आहे. तेथे खाण नाही, घरे आमच्यासारखीच चिरेबंदी आहेत आणि पाऊसही तितकाच. तेथील अंगणवाडीच्या बाईंनी वह्या वाटण्याचे मान्य केले आहे. वाहतूक थांबायला अजून तीन आठवडे आहेत. सर, मीटर या शनिवारपर्यंत मिळाले तर दोन्ही गावांत रविवारपासून नोंदी सुरू होतील.